छोटा सिलेंडर, लांबचा रस्ता: रुग्णवाहिकेतल्या बी टाईप ऑक्सिजन संचाचं परीक्षण

खासगी रुग्णवाहिकेवर नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सायरनचं बटण दाखवतात, स्ट्रेचर कसं लॉक होतं ते दाखवतात आणि ऑक्सिजनबद्दल एवढंच सांगतात की गाडीत आहे. विदर्भातल्या गावाकडच्या कामाला एवढं पुरत नाही. किती मिनिटांचा आहे, हे त्याला कोणत्याही क्षणी सांगता आलं पाहिजे. म्हणून छोट्या गाड्यांमध्ये सर्रास दिसणारा बी टाईप संच इथे एकेक भाग सुटा करून पाहिला आहे.

या संचातली सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे खुद्द सिलेंडर. आत पाणी भरलं तर १० लिटर मावेल एवढा आकार. १५० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरला की त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन येतो. वजन १५ किलोच्या आसपास, त्यामुळे गाडी जात नाही अशा बोळातून पेशंटच्या घरापर्यंत एकटा माणूस तो नेऊ शकतो. जम्बो, म्हणजे डी टाईप, ७००० लिटरचा असतो, पण तो ६० किलोच्या पुढे जातो आणि गाडीतून हलत नाही.

हिशोब तोंडपाठ हवा. गेजवरच्या, म्हणजे सिलेंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्यावरच्या, आकड्यातून २० राखीव म्हणून वजा करायचे, उरलेल्याला १० ने गुणायचं आणि दर मिनिटाला जेवढे लिटर चालू आहेत त्याने भागायचं. भरलेला सिलेंडर १० लिटरवर १३० मिनिटं जातो, ५ लिटरवर २६० आणि १५ लिटरवर जेमतेम ८६. गेज पीएसआयचं (दाबाचं दुसरं माप) असेल तर आधी १४.५ ने भागून बार काढा.

आता हे रस्त्याला लावून बघा. गडचिरोली ते नागपूर साधारण १७० किलोमीटर. चार तास धरले तर १० लिटरच्या पेशंटला २४०० लिटर लागतात आणि दोन सिलेंडरांत वापरण्याजोगे २६०० असतात. पुरलं असं वाटतं. पण नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, दारात बेड मिळेपर्यंत अर्धा तास गेला की गरज २७०० वर जाते. म्हणजे तिसरा सिलेंडर हवा, नाहीतर जम्बो. धारणीहून अमरावतीला येताना मेळघाटातला घाट वेळ खातो, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून निघण्याआधी किलोमीटर विचारू नका, मिनिटं विचारा. रेफर करणाऱ्या डॉक्टरांकडून किती लिटर चालू ठेवायचा ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

उन्हाळ्यात गेज फसवतं. पहाटे २५ अंशांत १४० दाखवणारं गेज दुपारी ४५ अंशांत १५० च्या जवळ जातं. ऑक्सिजन मात्र तेवढाच असतो. नुकताच भरून आणलेला गरम सिलेंडरही असाच जास्त आकडा दाखवतो आणि थंड झाला की खाली येतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी ठेवू नका, आणि नोंदवहीत सकाळचा आकडा लिहा.

रेग्युलेटरचं, म्हणजे सिलेंडरचा दाब उतरवणाऱ्या भागाचं, तोंड दोन प्रकारचं येतं, पिनांवर बसणारं पिन-इंडेक्स आणि आट्यांवर बसणारं बुलनोज. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसत नाही. जादा सिलेंडर गाडीत असूनही तो जोडता येत नाही, अशी वेळ याचमुळे येते. पिन-इंडेक्सला मध्ये वॉशर लागतो. तो छोटा असल्याने सिलेंडर बदलताना धुळीत पडतो, म्हणून दोन जादा वॉशर आणि एक जादा चावी दोरीने सिलेंडरलाच बांधलेली असावी. जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवायची, तोंडासमोर उभं राहायचं नाही. मग फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवणारा मीटर) बंद ठेवून व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. गळती शोधायला साबणाचं पाणी वापरा. तेल, ग्रीस, व्हॅसलीन अजिबात नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. टायर बदललेल्या हातांनी रेग्युलेटरला शिवू नका.

फ्लोमीटर हा या संचाचा कच्चा भाग आहे. बहुतेक संचांना काचनळीतल्या गोळीचा मीटर देतात. तो दवाखान्याच्या भिंतीवर चांगला, गाडीत नाही. नळी उभी असेल तरच गोळी खरं सांगते. सिलेंडर आडवा ठेवला की आकडा निरुपयोगी, आणि खड्ड्यांत गोळी नाचत राहते. मालकाला विचारून आकड्यांची खटका-चकती असलेला मीटर बसवून घ्यावा. गोळीचाच असेल तर सिलेंडर उभा बांधा आणि आकडा गोळीच्या मध्यावर वाचा.

ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. झाकणाचे आटे घासतात, ऑक्सिजन तिथूनच निसटतो आणि मीटर मात्र १० दाखवत राहतो. तपासणी अशी: प्रवाह चालू करून मास्ककडे जाणारी नळी चिमटीत दाबा. बाटलीचा सुरक्षा व्हॉल्व्ह शिट्टी वाजवेल. वाजला नाही तर झाकण किंवा जोड गळतो आहे. पाणी डिस्टिल्डच, दोन खुणांच्या मध्ये, रोज बदललेलं. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी घातलं की आतल्या जाळीवर क्षार बसतो. बाटली कलंडली की पाणी नळीत चढतं, म्हणून प्रवास छोटा आणि प्रवाह कमी असेल तर ती काढलेली बरी.

मास्कचं थोडक्यात: साध्या मास्कला ५ लिटरच्या खाली जाऊ नका, पिशवीवाल्याला १० ते १५ लिटर आणि पिशवी फुगलेली. पण मण्यार चावलेला किंवा फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेला पेशंट स्वतः श्वास घेईनासा झाला की कोणताही मास्क कामाचा नाही. तिथे हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग लागते, मोठ्या माणसाला दर ६ सेकंदांनी एक श्वास. पावसाळ्यात हे दोन्ही पेशंट गावाकडून येतात, आणि अंबू बॅग संचासोबत मिळत नाही, वेगळी घ्यावी लागते. विषबाधेत तोंडात लाळ-फेस साचतो, म्हणून तो ओढून काढणारी सक्शन मशीनही चार्ज केलेली हवी.

घेताना किंवा रिफिलहून परत आणताना तीन गोष्टी बघा. अंग काळं आणि खांदा पांढरा असला पाहिजे. पूर्ण काळा सिलेंडर वेल्डिंगचा असतो. खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख ५ वर्षांच्या आतली हवी. आणि सिलेंडर वर-खाली दोन पट्ट्यांनी आवळलेला हवा; दोरीने बांधलेला १५ किलोचा सिलेंडर जोरात ब्रेक लागला की थेट पेशंटवर येतो. रिकामा करतानाही शेवटपर्यंत काढू नका. थोडा दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद केला तर आत ओल शिरत नाही.

नागपूर-वर्धा किंवा तालुक्यातून जिल्ह्याला अशा दीड तासाच्या आतल्या कामाला हा संच चांगला आहे, दोन सिलेंडर असतील तर. गडचिरोली, मेळघाट किंवा यवतमाळच्या टोकाकडून नागपूर धरायचं असेल तर तिसरा सिलेंडर किंवा जम्बो नसलेल्या गाडीवर १० लिटरचा पेशंट घेऊ नये, आणि हे मालकाला कामावर रुजू होतानाच स्पष्ट विचारावं.