तोंड वाकडं झालं: मेंदूचा झटका की चेहऱ्याची नस?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं, आरशात तोंड वाकडं दिसतं आणि घरात एकच ओरड होते: वारं गेलं! मराठवाड्यात या एका शब्दात दोन वेगळे आजार कोंबले जातात. एक मेंदूचा झटका, म्हणजे लकवा. दुसरा बेल्स पाल्सी, म्हणजे कानाजवळून चेहऱ्यावर येणाऱ्या नसेची सूज. पहिल्यात मिनिटं मोजायची असतात. दुसऱ्यात औषध सुरू करायला ७२ तास हाताशी असतात.

आधी कपाळ बघा. भुवया वर उचलायला सांगा. झटक्यात बहुधा दोन्हीकडे आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. एक बंद पडली तरी दुसरी सांभाळून घेते. नसच सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं. मग डोळे घट्ट मिटायला लावा. बेल्समध्ये पापणी पुरती मिटत नाही, बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरं दिसतं. कानामागे दुखणं, चव जाणं, त्या कानाला भांड्यांचा आवाज खुपणं ही खूणही नसेचीच. हा त्रास काही तासांत ते दोन-तीन दिवसांत वाढत जातो; झटका बहुधा एकदम येतो.

पण एकट्या कपाळावर विसंबू नका. मेंदूच्या देठातला झटका कपाळासकट अर्धा चेहरा पाडू शकतो. दोन्ही हात समोर धरून दहापर्यंत मोजायला लावा, एक पूर्ण वाक्य बोलून घ्या, आधार देऊन चार पावलं चालवा. हात खाली घसरला, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, तोल गेला, की झटका समजूनच निघा. शंका उरली तरीही.

झटक्यात १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेलंच रुग्णालय गाठा: अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं किंवा संभाजीनगरची घाटी, जे जवळ पडेल ते. निघतानाच फोनवर विचारा: सीटी चालू आहे का, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे का? हे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्री धड बोलून झोपलेला माणूस पहाटे लुळा उठला, तर वेळ रात्रीपासून मोजतात, म्हणून 'शेवटचं नीट कधी पाहिलं' हे लिहून न्या. त्यातल्या काहींना खास स्कॅन पाहून उपचार देता येतात, मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेनं काढता येते. तेव्हा उशीर झाला म्हणून घरी ठेवू नका.

सुरुवातीचा सीटी पुष्कळदा नॉर्मल येतो. 'काही निघालं नाही' म्हणून रुग्णाला घरी आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिला सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला असतो, आणि तो होईपर्यंत ॲस्पिरिन द्यायची नाही. तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. साखर मात्र लगेच तपासून घ्या. ती फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. कबुतराचं रक्त चोळण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

बेल्सला सहसा सीटी लागत नाही, एमआरआयही नाही. डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लिहून देतात, मोठ्यांना साधारण रोज ५० मिलिग्रॅम, १० दिवस. मधुमेह असेल तर साखर चढते, ते आधी सांगा. कानात फोड आले असतील तर तो नागिणीचा प्रकार; विषाणूवरचं औषधही लागतं. खरी हेळसांड होते ती डोळ्याची. न मिटणारा डोळा धुळीत, उन्हात कोरडा पडून बुबुळावर जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि चष्मा. रात्री मलम घालून पापणी बोटानं पूर्ण मिटवा, मगच वरून कागदी चिकटपट्टी लावा. अर्धवट उघड्या डोळ्यावर लावली तर तीच बुबुळाला घासते. बहुतेकांना तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. तीन महिन्यांनीही चेहरा हललाच नाही, तर मात्र एमआरआय करून घ्यावा.