डीडीयू वापरल्याला काही महिने झाले: ड्रायव्हर काढल्यावर काळी पडणारी स्क्रीन आणि माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागला घरातूनच मी लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंगची कामं करते. दिवाळीत पीसीचं ग्राफिक्स कार्ड बदललं, एका कंपनीचं काढून दुसऱ्या कंपनीचं घातलं. तेव्हापासून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे सगळे ज्याला डीडीयू म्हणतात ते फुकट सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारा प्रोग्राम, आणि डीडीयू जुना ड्रायव्हर त्याच्या शिल्लक फायलींसकट साफ काढतं. आता पुरेसं वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आधी विंडोजच्या सेटिंगमधूनच काढला होता. नवीन कार्ड बसवून पीसी चालू केला तर मदरबोर्ड कंपनीचा लोगो आला, खाली गोल चक्र फिरलं आणि मग सगळं काळं. कॅबिनेटचे पंखे चालू, मॉनिटरचा दिवाही चालू. ऐन लग्नसराईच्या तोंडावर पोटात गोळाच आला. जवळच्या एका दुकानात फोन केला, तर न बघताच उत्तर मिळालं, "फॉरमॅट मारावं लागेल." याचा मला आजही राग आहे. लोकांच्या लग्नाचं शूटिंग त्या मशीनमध्ये असतं. ज्याचं उत्तर साध्या तपासणीत मिळतं त्याला पहिला उपाय म्हणून फॉरमॅट सांगणं बरोबर नाही.

पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने फोनवर पहिली गोष्ट विचारली, "मावशी, लोगो दिसला का तुला?" दिसला म्हटल्यावर तो म्हणाला, "मग कार्ड जिवंत आहे. आता कॅप्स लॉक दाब, कीबोर्डवरचा दिवा लागतोय-विझतोय का बघ." लागत होता, विझत होता. म्हणजे आत विंडोज चालू होतं, फक्त चित्र बाहेर येत नव्हतं.

हे प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीचा लोगो दाखवायला विंडोजचा ड्रायव्हर लागत नाही, कार्डाच्या स्वतःच्या चिपमधला प्रोग्राम ते काम करतो. लोगोच दिसत नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. आधी केबल, कार्डाला जाणारी पॉवरची वायर, रॅम हे बघा. केबल मदरबोर्डच्या पोर्टात आहे की कार्डाच्या, तेही बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात अंगचं ग्राफिक्स नसतंच. त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टातून चित्र येणारच नाही. पण लोगो दिसून मग अंधार झाला, तर बहुतेक वेळा गोष्ट ड्रायव्हरचीच असते.

ड्रायव्हर काढला की विंडोज उघडं पडत नाही. मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर नावाचा त्याचा स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर पुढे येतो. चित्र जाडजूड, आयकॉन मोठे, पण दिसतं सगळं. मात्र दोन मॉनिटर असतील तर तो एकाच मॉनिटरवर चित्र देतो, सहसा लोगो ज्यावर आला त्यावर. नेहमीचा मॉनिटर काळा दिसला म्हणून घाबरण्याआधी दुसराही चालू करून बघा.

माझ्याकडे अडचण जुन्या ड्रायव्हरच्या शिल्लक फायलींची निघाली. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ते केलं, टिक असा आवाज आला, पण चित्र नाही. मग पॉवरचं बटण दाबून धरून चक्र फिरताना पीसी बंद केला. असं लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर विंडोजचा दुरुस्तीचा निळा पडदा आला. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग ४ दाबून सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारं विंडोज. चित्र आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. डीडीयू भाच्याने सांगितल्यावर लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घेतलं होतं. नेटची वायर काढली, नाहीतर विंडोज मधेच स्वतःच्या मनाने एखादा ड्रायव्हर टाकतं. जुन्या कंपनीचं नाव निवडून 'क्लीन अँड रिस्टार्ट' दाबलं. पीसी सरळ डेस्कटॉपवर आला, नव्या कार्डाचा ड्रायव्हर टाकला आणि त्याच रात्री हळदीचा व्हिडिओ रेंडरला लावला.

त्यानंतर पावसाळ्यात एकदा ड्रायव्हर अपडेट होत असतानाच लाईट गेली आणि पुन्हा तोच काळा पडदा. यावेळी मी कुणालाही फोन केला नाही. आता अपडेट इन्व्हर्टरच्या भरवशावरच लावते.

तक्रारीही आहेत. डीडीयूची खिडकी पर्यायांनी गच्च भरलेली आहे, नवख्या माणसाला कुठे दाबायचं कळत नाही. बाकी खुणा जशा आहेत तशा राहू द्या, फक्त कंपनी निवडा. आणि दर अपडेटला हे चालवायची गरज नाही. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडिया कंपनीच्या इन्स्टॉलरमध्ये क्लीन इन्स्टॉलेशनचा पर्याय असतो, रोजच्याला तो पुरतो. कार्डाची कंपनी बदलताना किंवा स्क्रीन काळी पडल्यावर मात्र डीडीयूसारखं दुसरं काही मला सापडलं नाही. कार्डच बदलायचं असेल तर त्यात साफ करून थेट शटडाउन करायचं बटण आहे, तेच वापरा.

सुरू करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, सेफ मोडकडे जाताना ती मागितली जाऊ शकते. पिन चालला नाही तर मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लागतो, तोही आठवून ठेवा. लॅपटॉपवाल्यांनी तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून घ्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट वेगळ्या ग्राफिक्स चिपलाच जोडलेलं असतं, त्यामुळे ड्रायव्हर परत टाकेपर्यंत बाहेरचा मॉनिटर काळाच राहतो.