जुना जपानी कॅसेट डेक, काही महिने वापरल्यानंतर: सगळं अडतं ते काउंटरवर

डेकच्या काउंटरचा, म्हणजे टेप कुठवर आली ते दाखवणाऱ्या आकड्यांच्या चाकांचा, बेल्ट गेल्या आठवड्यात तुटला. ऑनलाइन मागवलेल्या मिश्र मापांच्या पाकिटातला होता, एक पावसाळाही निघाला नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की परत घेण्याची मुदत संपली. रबर चिरायला काही महिने लागतात, ते सात दिवसांच्या मुदतीत कुणाला कळणार? साडेतीनशे रुपये पाण्यात गेले. त्याच रागात हा अनुभव लिहायला घेतला.

डेक ऐंशीच्या दशकातला, दोन हेडचा (हेड म्हणजे टेपला टेकून आवाज भरणारा, वाचणारा किंवा पुसणारा भाग), डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय), तीन आकडी काउंटर. इंदूरमध्येच एका भंगारवाल्याकडे बावीसशेला मिळाला. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्या पिढीतल्या बहुतेक डेकांना हेच लागू आहे. मुख्य बेल्टचं, म्हणजे मोटरच्या जोरावर टेप चालवणाऱ्या बेल्टचं, डांबर झालं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं की ते आधी आणखी पसरतं, बोटं काळी होतात, मग हळूहळू सुटतं. मोटरच्या पुलीची खाच बांबूच्या टूथपिकने कोरून काढावी लागली. नव्या बेल्टचं माप जुन्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजा आणि साधारण पाच टक्के कमी घ्या. कॅसेट लावून हेडशेजारचा, हेडचा कोन ठरवणारा छोटा स्क्रू जपून फिरवून तार स्वर सर्वांत उघडा ऐकू येईल तिथे थांबा. हे झालं की आवाज इतका भरीव येतो की पैसे तिथेच वसूल.

पण मला डेक हवा होता तो बाबांच्या कॅसेटींसाठी. मालवा हाऊसवरून, म्हणजे आकाशवाणी इंदूरवरून, लागलेलं गाणं ते वर्षानुवर्षं टेप करत आले. प्रत्येक डबीतल्या कार्डावर निळ्या शाईने आकडे: ०२७ भीमपलास, २१४ तराणा, ४०२ भजन. वेळ कुठेच नाही, फक्त काउंटर. तो बंद असेल तर नव्वद मिनिटांच्या टेपमध्ये तराणा शोधत पुढे-मागे करत बसायचं, आणि त्या घाशीत टेप झिजते ती वेगळीच.

जेल रोडवरच्या एका मेकॅनिकने आधीच काउंटरचा बेल्ट काढून टाकला होता. विचारलं तर म्हणाला, "अरे भिया, काउंटर कौन देखता है? लोड कम हो गया." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. काउंटर टेप गुंडाळणाऱ्या चकतीवरून फिरतो. आतलं ग्रीस वाळून तो जड झाला की चकतीचा जोर कमी पडतो आणि टेप आत गुंतते. पण त्यावर उपाय काउंटर साफ करणं हा आहे. चाकं अल्कोहोलने धुतली, दांडीला सुईच्या टोकावर मावेल एवढं शिलाई मशीनचं तेल दिलं, आणि बोट लावताच काउंटर हलका फिरू लागला.

तरी आकडे जुळेनात. कार्डावर २१४, माझ्याकडे तराणा १८७ ला. आधी वाटलं, माझा काउंटर निकामी आहे. पण काउंटर वेळ मोजतच नाही, तो चकतीचे फेरे मोजतो. टेप सुरू होते तेव्हा रिकाम्या चकतीचा एक फेरा साधारण दीड सेकंदात होतो, नव्वदच्या टेपच्या शेवटी तीन सेकंदांच्या वर लागतात. म्हणून आकडे आधी पळतात, मग रेंगाळतात. बाबांच्या आणि माझ्या, दोन्ही मशीनांत काउंटर त्याच चकतीवर असेल तर फरक फक्त पुलीच्या मापाचा, म्हणजे गुणोत्तर ठरलेलं. १८७ भागिले २१४ म्हणजे ०.८७४. बाबांचा ४०२ चा आकडा गुणला तर ३५१, आणि भजन खरंच ३५१ ला लागलं! टेप पूर्ण मागे घेऊन शून्य करायचं, एवढीच अट. आता डेकवर ०.८७४ ची चिठ्ठी चिकटवली आहे.

यात बेल्ट घसरला की सगळं कोसळतं. ऑनलाइनवाल्या बेल्टवर तोच तराणा कधी १८७ ला, कधी १८१ ला. म्हणून मी बेल्टबद्दल इतका चिडतो आहे.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आणि ‘चांगला बेल्ट मिळत नसेल तर असा डेक घेऊच नका’ असं शेवटी लिहिणार होतो. आता ते मत बदललं आहे. सियागंजमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात, नळाच्या वॉशरांच्या खोक्यात, नायट्राइलची, म्हणजे एका कृत्रिम रबराची, बारीक गोल ओ-रिंग आठ रुपयांत मिळाली. जाड रिंग घेतली तर ती काउंटरची दांडी ओढून धरते, सर्वांत बारीक तीच घ्यायची. ती बसवल्यापासून आकडा एकदाही हललेला नाही. मुख्य बेल्टच्या जागी मात्र ही रिंग चालणार नाही, तिथे चपटाच बेल्ट हवा, नाहीतर गाणं लहरू लागेल.

घेणार असाल तर दुकानात कॅसेट लावून आवाज ऐकाच, पण काउंटरचं बटण दाबून तिन्ही शून्यं एका रेषेत येतात का तेही बघा. चाकाचा दात तुटलेला असेल तर दोनशे-तीनशे रुपये कमी करून मागा. मुंडी हलवून "वह तो चलता ही नहीं" म्हणणाऱ्याकडून तर नक्कीच.