८० मिमीची दुर्बीण आणि वेबकॅम: गुच्छांना पास, तेजोमेघांना एटीकेटी

दुर्बिणीला लावायचा वेबकॅम घ्यावा की नको, एवढंच विचारायचं असेल तर तारकागुच्छांसाठी बिनधास्त घ्या. तेजोमेघांचे रंगीत फोटो पाहून जीव हुरळला असेल तर जरा दमानं.

माझ्याकडे ८० मिमी व्यासाची, ४०० मिमी नाभीय अंतराची छोटी अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण आहे, खाली मोटर लावलेलं हलकं विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर फिरून ताऱ्यांमागे जाणारी बैठक) आणि आयपीसच्या जागी बसणारा १.२ मेगापिक्सेलचा खगोल-वेबकॅम. त्यातला एआर०१३० सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, अवघा ४.८ बाय ३.६ मिमी. सगळी गंमत आणि सगळी कटकट या आकारात आहे. चौकट मिळते साधारण ४१ बाय ३१ आर्कमिनिटांची (६० आर्कमिनिटं म्हणजे एक अंश), पौर्णिमेचा चंद्र कसाबसा मावेल इतकी. कृत्तिका जवळजवळ दोन अंश पसरलेल्या, त्यांचा एका वेळी एखादा तुकडाच हाती लागतो.

पण मिथुनेच्या पायाशी असलेला एम ३५ (मेसिएच्या यादीतला ३५ वा) तारकागुच्छ घ्या. चौकटीत नेमका बसतो. त्याहून लाडका माझा ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ. नारायणगावातून तो जास्तीत जास्त २३ अंश वर येतो, तोही मे महिन्यात, क्षितिजावर धूळ असताना. तरी पाच-पाच सेकंदांच्या फ्रेम शार्पकॅप या सॉफ्टवेअरमध्ये लाइव्ह स्टॅक होऊ लागल्या, म्हणजे येतील तशा एकावर एक रचल्या जाऊ लागल्या की आयपीसमधून नुसता धुरकट गोळा दिसणाऱ्या त्या गुच्छाच्या कडेचे तारे स्क्रीनवर सुटे व्हायला लागतात. शंभर फ्रेम जमल्या की चित्रातली खरखर (नॉइज) एका फ्रेमच्या दहाव्या हिश्श्यावर येते. लंडनवाल्यांना हा गुच्छ घरून दिसतच नाही, हे मनात येऊन दर वेळी उगाच बरं वाटतं.

तेजोमेघांत मृगातला एम ४२ तेवढा उदार. त्यातही लांब एक्स्पोजर दिलं की मधला ट्रॅपेझियम हा चार ताऱ्यांचा पुंजका पांढरा फटक होतो, म्हणून गाभ्याच्या एका सेकंदाच्या फ्रेम वेगळ्या घेऊन जोडाव्या लागतात. एम ५७ या वलयाकार तेजोमेघाचं कडं चाळीसेक पिक्सेलांचं उमटतं. कडं आहे हे कळतं, बस. अश्वमुख तेजोमेघाच्या नादाला लागू नका. कॅमेऱ्याला कूलिंग नाही, एप्रिलमध्ये रात्रीही चित्रभर लाल-निळे ठिपके. झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरच्या आणि त्याच रात्रीच्या डार्क फ्रेम (हे ठिपके वजा करायला काढलेल्या काळ्या फ्रेम) घेतल्याशिवाय काही खरं नाही. एफ/५ च्या साध्या भिंगामुळे तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळी किनार येते. अतिनील-अवरक्त प्रकाश अडवणाऱ्या यूव्ही-आयआर फिल्टरनं ती कमी होते, जात नाही.

मोटरशिवाय मात्र हा खेळ मांडूच नका. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) सरकतो, म्हणजे या जोडीवर आठेक पिक्सेल. माउंट धृवाकडे रोखायचं, तर आपल्याकडे धृव जेमतेम १९ अंशांवर, आणि माझ्या गच्चीवरून बरोबर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. मग ड्रिफ्ट पद्धतीनं, तारा कुठे घसरतो ते बघत जुळवायचं. शेतात गेलं तर उत्तर मोकळी आणि अंधारही चांगला, पण जुन्नर तालुक्यात रात्री उसाच्या कडेला लॅपटॉप उघडून बसायचं तर बिबट्याची परवानगी लागते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरवाल्या तबकड्यांना ना टाकी आडवी येते ना अंधार लागतो!

डायगोनल (आयपीसआधीचा, प्रकाश वळवणारा आरसा) काढल्यावर माझी फोकसची नळी पुरली नाही, जोडनळी वेगळी घ्यावी लागली. विकणाऱ्यानं ते सांगायला हवं होतं. बाहतिनोव्ह मास्क (फोकस साधायला दुर्बिणीच्या तोंडावर लावायची चिरांची झडप) विकत घेऊ नका. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फाइलच्या काळ्या पुठ्ठ्यातून कापला, फोकस झकास लागतो.

पैसे मोजकेच असतील तर आधी माउंट, मग मोटर, कॅमेरा शेवटी. तो सेकंडहँडही चालतो. फक्त घेताना उजळ कागदासमोर धरून एक फ्रेम काढा, सेन्सरवरची धूळ तिथेच दिसते.