फॉक्स मस्टँगला टर्बो: मूळचं ३०२ ठेवायचं की ट्रकचं ५.३ बसवायचं?

दारात १९७९ ते १९९३ मधली व्ही-८ मस्टँग, म्हणजे ‘फॉक्स बॉडी’, उभी असेल आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावायचं ठरलं असेल, तर टर्बोच्या आधी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा, ठरवा. रस्ते दोन आहेत. फोर्डचं मूळचं ३०२ घन इंचांचं इंजिन ठेवायचं, नाहीतर शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो-टाहोमधून निघालेलं ५.३ लिटरचं एलएम७ बसवायचं. मस्टँगमध्ये शेव्हीचं इंजिन म्हटलं की फोर्डवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांची माया मला कळते, पण लोखंडाला माया कळत नाही.

३०२ चं मोठं सुख हे की ते जागेवर बसलेलं आहे. माउंट, वायरिंग, गिअरबॉक्स, सगळं त्याच्याच मापाचं, आणि टर्बो किटही तयार मिळतात. १९८७ पासून कंपनीच त्याची ताकद २२५ हॉर्सपॉवर सांगायची. १९९२ पर्यंत त्यात फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन येत, १९९३ च्या गाडीत मात्र ओतीव. तेव्हा वर्ष बघून घ्या. दुखणं ब्लॉकचं आहे. चाकांवर (म्हणजे चाकांपर्यंत पोचणारी) ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास गेलात की तो लिफ्टरच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांच्या) खोबणीतून उभा चिरतो. आत कितीही भारी रॉड-पिस्टन घाला, चिरणारं ओतीव लोखंड तेच राहतं. म्हणून मूळ ब्लॉकमध्ये महागडे भाग भरणं मला पैसे वाया घालवणंच वाटतं.

५.३ ची गोष्ट वेगळी. १९९९ ते २००७ मध्ये हे इंजिन इतक्या ट्रकांत बसलं की भंगारात अजूनही स्वस्तात सापडतं. ब्लॉक लोखंडी, क्रँकच्याही (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्याही) खाली उतरलेला; प्रत्येक मेन कॅपला, म्हणजे क्रँक धरून ठेवणाऱ्या पकडीला, सहा बोल्ट, चार खालून आणि दोन बाजूंनी. ३०२ ला दोनच. पण भंगारातून आणलं आणि तसंच बूस्टवर (टर्बोच्या वाढीव हवेच्या दाबावर) लावलं, असं करू नका. पिस्टनच्या वरच्या रिंगच्या टोकांमधलं मूळ अंतर टर्बोच्या उष्णतेला पुरत नाही. रिंग फुगते, टोकं एकमेकांवर चढतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर इंचाला ०.००६ इंच हा जुना हिशोब, ३.७८ इंचांच्या बोअरला सुमारे ०.०२३ येतात. मी किंचित जास्तच ठेवीन. अंतर वाढलं तर क्रँककेसमध्ये थोडा वायू जास्त उतरेल. कमी पडलं तर पिस्टनच जाईल.

हेही धरून चाला की इंजिन स्वस्त असलं तरी माउंट, ऑइल पॅन, हार्नेस (वायरिंगचा जुडगा), ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांचा खर्च वेगळा येतो.

कॅलिफोर्नियात असाल तर आधी कायदा बघा. १९७६ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना तिथे स्मॉग (धुराची) तपासणी आहे, आणि इंजिन बदललं तर रेफरीकडून (खास तपासणी केंद्राकडून) मंजुरी घ्यावी लागते. मिशिगनमध्ये अशी तपासणीच नाही, त्यामुळे डेट्रॉइटकडच्या आपल्या मराठी मंडळींची ही डोकेदुखी वाचते.

इंधनाचा प्रश्न दोन्हींना सारखाच. नॉकिंग, म्हणजे इंधनाचा आपोआप होणारा भडका, हा टर्बोचा जुना शत्रू. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये त्यासाठी पाणी आणि मेथनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे, आणि लोक भरायला विसरत. आज ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) तेच काम सुंदर करतं, पण ते सुमारे ३० टक्के जास्त लागतं, म्हणजे पंप आणि इंजेक्टर मोठे हवेत. शिवाय हिवाळ्यात त्यातलं इथेनॉल घटतं, म्हणून इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर लावाच.

माझा कौल असा: चाकांवर ४०० ते ४५० मध्ये समाधान असेल तर ३०२ ठेवा, चांगला इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) घाला आणि बूस्टचा हात आखडता ठेवा. त्यापुढे जायचं असेल तर सरळ ५.३. ३०२ मागची टी-५ (मॅन्युअल गिअरबॉक्स) १९९० ते ९३ च्या गाड्यांत ३०० पाउंड-फूट टॉर्कसाठीच ठरवलेली आहे, तेव्हा तिच्या बदलीचे पैसे आत्ताच बाजूला काढा. ५.३ सोबत येणारा ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही टिकणारा नव्हे. जड असला तरी ४एल८०ई घ्या. मागचा ८.८ इंची अ‍ॅक्सल दोन्हीकडे चालतो, मात्र चिकट टायर लावणार असाल तर २८ दात्यांचे शाफ्ट काढून ३१ चे घाला.