अक्षर वाढवायचं की अख्खी विंडो?

चाळिशी लागल्याचं मला डॉक्टरांच्या आधी कोड लिहायच्या एडिटरने कळवलं. एप्रिलची दुपार, पडदे ओढलेले, कूलर घरघरतोय, आणि समोरचं चिन्ह कोलन आहे की सेमिकोलन, तेच दिसेना. नागपूरच्या बर्डीवरून चष्मा करून आणला, तरी स्क्रीनला नाक लावायचं काही सुटलं नाही.

माझा एडिटर व्हीएस कोड, आणि त्यात वाटा दोन. कंट्रोल आणि अधिक दाबून झूम वाढवायचा, नाहीतर सेटिंगमध्ये फॉन्ट साइज बदलायची. दोन्ही मी बरेच दिवस वापरलंय.

झूम तसा प्रामाणिक. कोड, फाइलींची यादी, टॅब, टर्मिनल (कमांड टाइप करायची जागा), सगळंच वाढतं. पण एक टप्पा २० टक्क्यांचा, दुसऱ्या टप्प्यालाच मूळच्या १.४४ पट. माझ्या १४ इंची लॅपटॉपवर मग कोडला उरते ती शेअर ऑटोत ड्रायव्हरशेजारची जागा. सेटिंगमध्ये ०.५ असा अर्धा टप्पा टाकता येतो म्हणा, त्यामुळे हेही चालवून घेतलं असतं.

चालेना ते परत येणं. ब्राउझरने बोटांना लावलेली सवय अशी, की कंट्रोल-शून्य दाबलं की सगळं होतं तसं. इथे त्याच बटणांनी कर्सर बाजूच्या पट्टीत जातो. झूम पूर्ववत करायला नमपॅडवरचा, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या वेगळ्या गटातला शून्य लागतो, आणि माझ्या लॅपटॉपला नमपॅडच नाही. मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवायला झूम वाढवायचा, संपली की कंट्रोल-शून्य दाबून टायपायला लागायचं, आणि अक्षरं जायची फाइलींच्या यादीत. एकदा तर तिथे डिलीट दाबलं. फाइल उडवायची का, असं एडिटरने विचारलं म्हणून वाचलो. चूक माझ्या बोटांची, शॉर्टकटही बदलता येतो. पण ऑफिसात दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की बोटं तीच अन् शॉर्टकट मूळचा.

फॉन्ट साइजला ही भानगड नाही. विंडोज आणि लिनक्सवर मुळात १४ असते, मॅकवर १२. मी १७ केली. टर्मिनलचा आकडा वेगळा द्यावा लागतो, बाजूची यादी आहे तेवढीच राहते. पण यादी वाचतो कोण? कंट्रोल-पी दाबून फाइलचं नाव टाइप केलं की झालं. दुसऱ्याला दाखवायचं असेल तर 'माउस व्हील झूम' चालू करून ठेवा, ते मुळात बंद असतं. मग कंट्रोल धरून चाक फिरवलं की फक्त एडिटरमधलं अक्षर वाढतं.

कोडमध्ये मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. आमच्याकडे स्क्रीनवरचे संदेश मराठीत असतात, आणि दाटीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. झूमने अक्षर वाढतं तशी दाटीही त्याच प्रमाणात वाढते. सेटिंगमध्ये लाइन हाइट १.७ टाकली की ओळीची उंची फॉन्टच्या १.७ पट होते आणि मात्रा, वेलांट्या मोकळ्या होतात. शेजारी बसणाऱ्या भाऊंना हे दाखवलं, तर म्हणाले, "हे आधी काहून नाही सांगितलं?"

ज्याला डावीकडची यादीसुद्धा दिसत नाही, किंवा ज्याच्याकडे मोठा मॉनिटर आणि नमपॅडवाला कीबोर्ड आहे, त्याने बहुधा झूमच घ्यावा. मीही झूम ०.५ वर ठेवलाय, फक्त त्याला आता हात लावत नाही.