जीपीएस सेवा: पंचवीस वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

फोनचे, गाड्यांचे, घड्याळांचे रिव्ह्यू रोज वाचतो पण त्या सगळ्यांच्या पोटात जी एक सेवा गुपचूप चालू असते तिच्याबद्दल कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून बसलो लिहायला. मी सर्व्हेच्या कामात आहे, १९९९ पासून. ट्रायपॉड लावा, बेस (एका जागी ठेवायचा रिसीव्हर) लावा, रोव्हर (हातात घेऊन फिरायचा रिसीव्हर) घेऊन उन्हात उभे राहा आणि फिक्स, म्हणजे पक्की नेमकी जागा, यायची वाट बघा, हेच आयुष्य. त्यामुळे जीपीएस माझ्यासाठी रस्ता शोधण्यापुरतं नाहीये, माझं घर त्यावर चाललंय.

आणि ही सेवा देतं कोण, तर अमेरिकेचं लष्कर. आता ती त्यांच्या स्पेस फोर्सकडे आहे, कोलोरॅडोमधल्या श्रीव्हर तळावरून चालते. बिल येत नाही, खातं उघडावं लागत नाही, पासवर्ड नाही, जाहिरात नाही. अमेरिकेचा जगावर जो दबदबा आहे त्याने जगाचं भलं जास्त झालं की वाटोळं जास्त झालं यावर आमच्या मित्रांत तासन्‌तास वाद होतात, आणि प्रत्येक वेळी गाडी व्हिएतनामवरून इराककडे, तिथून लसींकडे, तिथून इंटरनेटकडे जाते आणि शेवटी कोणाचंच समाधान होत नाही. म्हणून मी ठरवलं की आपण जे रोज हातात धरतो त्याच्यापुरतंच बोलायचं. त्या दबदब्याचा एक तुकडा माझ्या ट्रायपॉडवर बसलेला असतो, त्याचा हा रिव्ह्यू.

सुरुवातीचा अनुभव वाईट होता, तो आधी सांगतो. तेव्हा आमच्याकडे एक छोटा हातातला रिसीव्हर होता, जुने पॉइंट शोधायला न्यायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो एका दगडी खांबावर ठेवला आणि चालूच राहिला. अर्ध्या तासाने बघतो तर स्क्रीनवर रेघांचा नुसता गुंता. खांब जागचा हललेला नाही, रिसीव्हरही नाही, पण मशीनच्या मते आम्ही इकडे साठ मीटर, तिकडे चाळीस मीटर असं भटकून आलो होतो. नवीन होतो, मला वाटलं मशीन बिघडलं. साहेबांनी सांगितलं, बिघडलेलं नाही रे, ते मुद्दाम असं करतात.

खरंच मुद्दाम करायचे. त्याला सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी म्हणायचे. उपग्रहाच्या घड्याळात जाणूनबुजून घोळ घालायचा, म्हणजे लष्कराच्या रिसीव्हरला बरोबर जागा मिळेल आणि बाकी जगाला शंभर मीटरपर्यंत चुकीची. हातचं राखून दिलेली सेवा. त्यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी त्यांच्याच सैनिकांकडे लष्करी रिसीव्हर पुरेसे नव्हते, साधे बाजारातले वापरावे लागले, तेव्हा हा घोळ त्यांनी तात्पुरता बंद ठेवला होता. म्हणजे स्वतःला गरज लागली की बंद आणि जगाला गरज असली की चालू. ज्यांना अमेरिकेचा राग येतो त्यांचं मला त्या काळापुरतं अगदी पटतं.

मग २ मे २००० उजाडला. वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र, आपल्याकडे सकाळ. बिल क्लिंटन यांनी आदल्या दिवशी जाहीर केलं होतं आणि त्याप्रमाणे तो घोळ बंद झाला. आम्हाला दोन दिवसांनी पेपरातून कळलं. मी तोच रिसीव्हर घेतला, मुद्दाम त्याच खांबावर नेऊन ठेवला आणि बाजूला बसून राहिलो. ठिपका जागेवर. अगदीच स्थिर नाही, पाच-दहा मीटरात थोडा हलायचा, पण जागेवर. मी पाऊण तास बघत बसलो होतो. ज्या कोणाला आज निळ्या ठिपक्याचं काही विशेष वाटत नाही त्यांनी तो पाऊण तास बघायला हवा होता.

पण जगाला ही सेवा द्यायचं ठरलं त्यामागचं कारण त्याहून जुनं आहे आणि दुःखाचं आहे. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं ००७ विमान अलास्काहून सोलला जाताना रस्ता चुकलं, ऑटोपायलट चुकीच्या मोडवर राहिला होता, विमान हळूहळू सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि त्यांच्या लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या रेगन सरकारने सांगितलं की जीपीएस तयार झालं की ते नागरी वापरासाठी खुलं करू. पहिला उपग्रह १९७८ लाच वर गेला होता, पण सगळी यंत्रणा पूर्ण झाली ती १९९५ मध्ये. बनवलं होतं युद्धासाठीच, त्यात काही लपवण्यासारखं नाही. पण ते फक्त युद्धापुरतं ठेवता आलं असतं आणि ठेवलं नाही, हेही तितकंच खरं.

आता सेवेची रचना, कारण माझं मत मुख्यतः यावरच बनलंय. वर साधारण ३१ उपग्रह आहेत, २०,२०० किलोमीटर उंचीवर, प्रत्येकात अणुघड्याळं. ते फक्त एवढंच ओरडत असतात की मी अमुक, मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. बस्स. तुमचा रिसीव्हर किमान चार उपग्रहांचं ऐकतो आणि वेळेच्या फरकावरून स्वतःची जागा स्वतःच काढतो. (त्या उंचीवर आणि वेगात घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे, आणि ते धरलं नाही तर एका दिवसात किलोमीटरमध्ये चूक होईल. मला दरवेळी हे सांगताना अंगावर काटा येतो.) पण मुद्दा असा की उपग्रहाला तुम्ही माहीतच नसता. रिसीव्हर काही परत पाठवत नाही. तुम्ही कोण, कुठल्या देशाचे, अमेरिकेचे मित्र की शत्रू, त्याला पत्ता नाही. लोक म्हणतात जीपीएसमुळे आपल्यावर पाळत ठेवतात, ती पाळत फोनमधली ॲप ठेवतात, उपग्रह नाही.

ही गोष्ट मला फार मोठी वाटते कारण त्याच देशाची दुसरी एक जागतिक सेवा याच्या अगदी उलट बांधलेली आहे, ती म्हणजे डॉलर. डॉलरचा व्यवहार जगात कुठेही झाला तरी तो बहुतेक वेळा अमेरिकेतल्या बँकांतून जातो आणि तिथे प्रत्येकाचं नाव विचारलं जातं. नाव विचारता येतं म्हणून दार बंद करता येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आले आणि अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेत ठेवलेले साधारण ७०० कोटी डॉलर गोठवले गेले. राग तालिबानवर, पण बँकेसमोर रांगेत उभं राहून स्वतःचे पैसे न मिळालेली माणसं साधी होती. म्हणून मला कोणी विचारलं की अमेरिकेची ताकद चांगली का वाईट तर मी उलट विचारतो की कुठली ताकद? जी निवड न करता सगळ्यांना मिळते ती, का जी माणूस बघून दिली-काढली जाते ती? पहिलीने जगाचं भलं केलंय यात मला तिळमात्र शंका नाही. दुसरीबद्दल मी अशी खात्री देऊ शकत नाही.

आता जीपीएसचा दोष, आणि तो लहान नाही. याच सिग्नलवर बॉम्बही चालतात. साध्या बॉम्बला मागे एक जीपीएसचं शेपूट लावलं की तो सांगितलेल्या जागी जाऊन पडतो, त्याला जेडॅम म्हणतात, आणि युद्धात ते पहिल्यांदा १९९९ मध्ये कोसोव्होच्या युद्धाच्या वेळी वापरले. त्याच युद्धात ७ मेच्या रात्री सर्बियातल्या बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर असे पाच बॉम्ब पडले, तीन चिनी पत्रकार मेले. अमेरिकेने माफी मागितली, म्हणाले आमचं लक्ष्य जवळचंच शस्त्रखरेदीचं एक सरकारी ऑफिस होतं, जागा ठरवण्यात चूक झाली. चीनला ते कधी पटलं नाही. मी सर्व्हेवाला माणूस आहे, मला यातली वेगळीच गोष्ट झोपू देत नाही. बॉम्ब चुकले नव्हते. जो पॉइंट दिला होता तिथेच बरोबर पडले, पॉइंटच चुकीचा होता. आमच्या धंद्यात चुकीचा पॉइंट दिला तर कुंपण चुकतं, पुन्हा जाऊन खांब काढून दुसरीकडे रोवता येतात. अचूकपणा आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो आणि तेव्हा बेलग्रेड डोक्यात असतं. ताकदवान देशाचंही असंच होतं असं मला वाटतं, यंत्र इतकं नेमकं असतं की आपला नकाशा चुकीचा असू शकतो हे तपासायचंच राहून जातं.

दुसरा दोष अवलंबून राहण्याचा. सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो की छोट्याशा जॅमरनेही दबतो, किंवा कोणी खोटा सिग्नल सोडून रिसीव्हरला फसवतं. माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, तो सांगत होता की पूर्व भूमध्य समुद्रात रात्री वॉचवर असताना त्यांची बोट अचानक स्क्रीनवर एका विमानतळाच्या धावपट्टीवर उभी दिसायला लागली. बाहेर बघतो तर चारी बाजूंनी पाणी. कॅप्टनला उठवलं, रडारवर किनाऱ्याच्या टोकाची बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घेतली, अंतर घेतलं आणि हाताने पोझिशन काढली. तो म्हणाला, दादा, काढायला आली हेच नशीब, कारण बरोबरच्या ज्युनियरला आली नसती. ही काही एकट्याची गोष्ट नाही, जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसहून जास्त बोटींना आपण रशियातल्या गेलेंझिक विमानतळावर आहोत असं दिसलं होतं, आणि एप्रिल २०२४ मध्ये जॅमिंगमुळे फिनलंडच्या फिनएअर कंपनीला एस्टोनियातल्या तार्तूची विमानं महिनाभर थांबवावी लागली. हे अमेरिका करत नाही, दुसरे करतात. पण फुकट आणि चांगलं मिळालं म्हणून सगळ्या जगाने जुन्या विद्या टाकून दिल्या हा त्याचाच परिणाम. खुद्द अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून दिशा काढायला शिकवणं बंद केलं होतं, ते २०१५ मध्ये परत सुरू केलं.

भरवशाबद्दल मात्र पैकीच्या पैकी. रशियाची अशीच यंत्रणा ग्लोनास एप्रिल २०१४ मध्ये काही तास भलतंच दाखवत होती, युरोपची गॅलिलिओ जुलै २०१९ मध्ये जवळजवळ आठवडाभर बंद होती. जीपीएस तसं पूर्ण झोपलेलं माझ्या आयुष्यात आठवत नाही. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना उपग्रह सेवेतून काढताना वेळेत १३ मायक्रोसेकंदांचा घोळ झाला होता, टेलिकॉमवाल्यांचे अलार्म वाजले, पण जागा दाखवायचं काम चालू राहिलं. आणि हो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं की मोबाइलचे टॉवर, बँकांचे व्यवहार, विजेचं जाळं हे सगळे याच उपग्रहांवरून घड्याळ लावतात.

उद्या बंद केलं तर, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. विमानवाहतुकीसाठी अमेरिकेने १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेला लेखी दिलंय की सेवा फुकट राहील आणि बंद करायची झाली तर किमान सहा वर्षं आधी सांगू. नागरी सेवा सगळ्या जगाला सतत आणि थेट शुल्काशिवाय द्यायची हे त्यांच्या कायद्यातही आहे. एखाद्या भागात सिग्नल दाबायची ताकद त्यांच्याकडे आहेच, ती नाही असं समजणं भाबडेपणा होईल. पण सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी जे जाहीर केलं ते मला या सगळ्यात जास्त भावलं, की पुढच्या पिढीच्या उपग्रहांत तो मुद्दाम घोळ घालायची सोयच नसेल. बटण दाबणार नाही असं वचन देणं वेगळं आणि बटणच काढून टाकणं वेगळं. ताकदवान माणसाने आपणहून असं केलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. तोपर्यंत रशिया, युरोप, चीन स्वतःचे उपग्रह सोडायला लागले होते हेही त्यामागे असणार, नुसता चांगुलपणा नसणार, पण मला चालतं. बाजारात दुसरं दुकान उघडलं की पहिल्याचं माप सुधारतं, आणि चीनची बेइडू यंत्रणा २०२० मध्ये पूर्ण झाली, आपली भारताची नाविक यंत्रणा आहे, सगळ्यांनीच स्वतःचं काहीतरी ठेवावं.

माझ्याकडून पाचपैकी चार. भलं जास्त, आणि थोडंथोडकं नाही, खूप जास्त. एक तारा बेलग्रेडसाठी कापलाय, तो मी परत देणार नाही. नवीन रिसीव्हर घेणार असाल तर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेइडू या चारही यंत्रणा पकडणाराच घ्या, एकाच्या भरवशावर राहू नका, देणारा कितीही चांगला असला तरी.

आज सकाळी साइटवर आकाश मोकळं होतं. रोव्हर लावला, एकूण ३४ उपग्रह दिसले, त्यातले १० अमेरिकेचे, वीस सेकंदात फिक्स आला. रिव्ह्यू लिहायचाच होता म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बाकीचे सगळे बंद केले आणि फक्त जीपीएस ठेवलं. दोन मिनिटं फ्लोट (म्हणजे जागा अजून पक्की नाही) दाखवत राहिला आणि मग फिक्स आला, त्याच पॉइंटवर, बोटभराच्या फरकाने.